न सुटलेली जागा

“पुसलेलं खरंच पुसलं गेलं असेल, तर बाबा, जागा का सुटत नाही?”

धुंडाबाबा ओसरीवर ज्वारी निवडत होते. त्यांनी मान वर केली, नागनाथकडे पाहिलं, आणि पुन्हा खडा शोधू लागले.

मठात दरसाल डोळ्यांचं शिबिर भरे. रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस नागनाथनं उभा केला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. आज सकाळीच कॉम्प्युटरनं डिस्क भरल्याचं सांगितलं. त्यानं जुन्या शिबिरांचे सात मोठे तक्ते काढून टाकले. पण फाइल होती तेवढीच राहिली. तिला आवळून लहान करायला गेला, तर यंत्र म्हणे, आधी मोकळी जागा दे.

“जागा करायला जागा मागतंय...”

बाहेर चाळीस म्हातारी माणसं बसली होती. नोंद झाल्याशिवाय डॉक्टर तपासत नसत, आणि डॉक्टरांची गाडी दुपारी परत जायची होती. जागा नाही, पुढच्या साली या, असं नागनाथनं सांगूनही टाकलं होतं. कुणी उठलं नव्हतं.

बाबा उठले. त्याला कोठारात घेऊन गेले. कोपऱ्यात शेणामातीनं लिंपलेली धान्याची उंच कणगी होती.

“भरलीय?”

“बाहेरून कसं कळणार?”

बाबांनी बोटं मुडपून कणगी खालून वर वाजवत नेली. गुडघ्यापर्यंत आवाज बसका आला. तिथून वर पोकळ.

मग ते नागनाथच्या खोलीत आले. वाकले, आणि कॉम्प्युटरच्या डब्यावरही तसंच टकटक केलं. कान लावला.

नागनाथला ओशाळल्यासारखं झालं. “बाबा, यात असं कळत नसतं.”

“मग कसं कळतं?”

नागनाथनं पडद्यावरच्या फाइलच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

“नाव लिहून पाहिलंस?”

“लिहून काय पाहायचं? भरलंय ना ते.”

बाबा बाहेर गेले आणि एका आजींना हाताला धरून घेऊन आले. दोन्ही डोळ्यांत सायीसारखं पांढरं.

“सांग बाई, नाव सांग याला.”

“गोदाक्का. मळेगावची.”

बाबांचा शब्द मोडायचा नाही, एवढ्यासाठी नागनाथनं टाइप केलं. नोंद गेली.

त्यानं ती पुन्हा उघडून पाहिली. होती.

दुसरी गेली. पाचवी गेली. अकरावी गेली. प्रत्येक नावानंतर तो फाइलचा आकडा बघे. आकडा वाढत नव्हता, कमीही होत नव्हता; नवी नावं फाइलच्या आत, पुसलेल्या तक्त्यांच्या जागी बसत होती. सकाळपासून हाच आकडा त्याला भरलंय, भरलंय म्हणत होता.

“पण बाबा... जागा तर अजून सुटलेलीच नाही.”

बाबा बाराव्या माणसाला उंबरा ओलांडायला हात देत होते.

“सुटली असती, तर यांना कुठं बसवलं असतंस?”