मापाच्या पाटावर सोडलेला श्वास

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा आरसे पितळेचे असत आणि कितीही घासले तरी त्यांत माणूस धुरकटच दिसे. धुरकट दिसणारा माणूस देखणाच दिसतो, त्यामुळे सगळे खूश असत.

त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. तिथली माणसं मोठी रुबाबदार, असं चहूमुलखात नाव होतं. ताठ चालत, हळू बोलत आणि हसू आलंच तर भिंतीला हात टेकून बेताबेतानं हसत. रस्त्यात कुणाची किल्ली पडली तर ती पडलेलीच राही. वाटसरू म्हणत, काय ही श्रीमंती, पडलेलं उचलतसुद्धा नाहीत.

खरं सांगायचं तर त्यांना वाकताच येत नव्हतं. वाकलं की कपडा उसवायचा.

याला कारण तिथली रीत. शिंप्याच्या ओट्यावर एक पाट मांडलेला असे. गिऱ्हाइकानं त्यावर उभं राहायचं, शिंप्यानं दोरी लावून गाठ मारायची, आणि माप साऱ्या आळीला ऐकू जाईल असं पुकारायचं. ऐकायला शेजारीपाजारी जमत. मग पाटावर चढलेला काय करणार? पोट पाठीला लावी, छाती फुगवी, श्वास कोंडून धरी. लहान माप पुकारलं की लोक माना डोलवत, आणि तो खाली उतरून धापा टाकत घरी जाई. कपडा शिवला जाई श्वास कोंडलेल्या माणसाला, आणि घालावा लागे श्वास घेणाऱ्याला.

तुम्ही हसताय खरं. पण तुमच्याही पेटीच्या तळाशी एक सदरा घडी घालून ठेवलेला आहे, थोडा बारीक झालो की घालीन म्हणून. किती वर्षं झाली ते विचारत नाही. आणि वहिनी, तुम्ही पदर तोंडाला लावू नका, त्या सदऱ्याखाली एक चोळीही आहे.

तर त्या गावात सगुणा नावाची शिंपीण होती. नवरा कोंडाजी बंद लावायचा, काजं करायचा. बेतणं, कापणं, शिवणं सगळं सगुणाचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोरीवरच्या गाठी ती बोटांनी वाचायची. तिचं घर लहान, पण ओटा पूर्वेचा. सकाळचं ऊन त्यावर असं पडे, की पन्नाशी उलटली तरी सुई ओवायला तिला दुसऱ्याचे डोळे मागावे लागत नव्हते. दुसऱ्या कुठल्या गावात आपल्याला शिवता येईल, असं तिला स्वप्नातही वाटत नसे.

आणि नेमकं तेच संकट आलं.

त्या राज्यात एक नियम होता. राजाचा किंवा दरबाऱ्याचा कपडा भर लोकांत उसवला, तर दोष शिंप्याचा. शिंप्यानं घरदार सोडून वेस ओलांडायची. दर साली नांगरणीच्या मुहूर्ताला राजानं स्वतः नांगर धरून शेतात पाच फेऱ्या मारायच्या असत. गेली तीन वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला राजा रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर वाकायचा, पाठीत टर्र व्हायचं, आणि एक शिंपी गावातून जायचा. तीन शिंपी गेले. यंदा चौथ्याला ऐन वेळी हिवताप भरला, पाचव्याच्या बोटाला नखुरडं झालं. चोपदार सगुणाच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"उद्या सकाळी राजवाड्यात. पाट आणि दोरी घेऊन," तो म्हणाला. त्याचाही अंगरखा तंग होता, म्हणून थोडक्यात बोलला.

चोपदार वळला नाही तोच कोंडाजी आत जाऊन गाठोडं बांधू लागला.

"अहो, काय चाललंय?"

"वरवंटा घ्यायचा का राहू द्यायचा, ते सांग. पाटा काही नेता येणार नाही."

"अजून दोरीसुद्धा लावली नाही मी राजाला."

"लावून काय होणार? तोही श्वास कोंडणार, तूही गाठ मारणार. त्यापेक्षा आजच निघू, उन्हाच्या आत पोचू."

सगुणा ओट्यावर बसून दोरी बोटांत फिरवत राहिली. राजाला श्वास सोडा म्हणावं, तर अपमान. कोंडलेल्या श्वासावर गाठ मारावी, तर वेस. बऱ्याच वेळानं तिच्या गालाला खळी पडली. ती लहानपणी आळीतली सर्वांत खोडकर पोर होती, हे कोंडाजी लग्नानंतर विसरला होता.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात पाट मांडला. दरबारी जमले. राजा धोतरावर, उघड्या अंगानं पाटावर चढला आणि त्यानं श्वास असा ओढला, की समोरच्या समईची ज्योत हलली. सगुणानं कमरेला दोरी लावली.

"महाराज, एक विचारू का? माझ्या आत्याची एक म्हैस होती."

राजानं नुसती मान हलवली. बोलायला श्वास लागतो.

"मोठी गुणाची म्हैस. पण तिला आत्याच्या सासूचा आवाज सहन होत नसे. आता सासू कोण, तर पलीकडच्या वाडीतल्या कुलकर्ण्यांच्या शेजारच्या घरातली. म्हणजे कुलकर्णी थोरले, धाकटे नव्हेत. धाकट्यांची गोष्ट निराळीच आहे, तीही सांगते..."

राजाचे कान लाल झाले. दिवाणजी म्हणाले, "बाई, माप घ्या."

"घेते ना. दोरीला पीळ पडलाय, तो काढते. तर महाराज, एके दिवशी सासू गोठ्यात आली..."

राजाचं नाक लाल झालं, मग जांभळं. डोळे बाहेर आले. सासू गोठ्यातून काही बाहेर पडेना. आणि शेवटी राजाचा भाता फुस्सकन सुटला, पोट आपल्या जागी आलं, आणि त्याच क्षणी सगुणानं गाठ मारली.

"कंबर चार वीत!" तिनं चौक दणाणून सोडला.

दरबारी माना डोलवू लागले. गाठ होती पावणेपाच वितींवर, पण गाठी वाचणारी तिथं ती एकटीच होती.

पाठीचं माप राहिलं होतं. राजा पुन्हा ताठ झाला. सगुणा म्हणाली, "महाराज, पायावर मुंगळा चढतोय." राजा झटकन वाकला, आणि तेवढ्यात तिनं एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वाकलेली पाठ मोजून घेतली. मुंगळा नव्हता. पण मुंगळ्यानं कधी तक्रार केली नाही.

"आता माझंही घ्या," दिवाणजी पाटावर चढले. "आणि म्हैस नको. गोष्ट नको. मी श्वास धरला की लगेच गाठ."

सगुणा म्हणाली, "दिवाणजी, थोडं सैल ठेवू का? दिवसभर उभं राहायचं असतं तुम्हाला."

"सैल कपडे गोणीला घालतात. दिवाणाला नाही. मारा गाठ."

तिनं मारली. हुकूम म्हटल्यावर करणार काय.

आठ दिवसांत दोन्ही अंगरखे तयार झाले. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी राजानं आपला अंगात घातला आणि त्याचा चेहरा पडला. तो उजवीकडे वळला, डावीकडे वळला, काखेत हात घालून पाहिला.

"हा मला कुठं धरतच नाही," तो म्हणाला. "शिवलाय ना पुरता?"

"पोतं झालंय, महाराज," दिवाणजी म्हणाले. "मी बोललो नसतो, पण लोक बोलतील. चार बोटं आत घ्यायला सांगा."

"चार बोटं आत घे," राजा म्हणाला.

दारात उभा असलेला कोंडाजी सगुणाला खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण. आत घेतला तर उद्या शेतात फाटणार. नाही म्हटलं तर आत्ताच वेस. तिनं कात्री हातात घेतली.

"घेते, महाराज. इथंच बसून घेते. पण कपडा उसवण्याआधी आम्हा शिंप्यांना चार गोष्टी पाहाव्या लागतात. तेवढ्या करा, मग तुमचा शब्द प्रमाण."

"कोणत्या?"

"पहिली, खाली मांडी घालून बसा."

राजाला खाली बसवायला एरवी दोन माणसं लागत. एक धरायला आणि एक बंद सोडायला. दोघे पुढं सरसावले, तोवर राजा आपला आपण बसलाही. बसल्या बसल्या त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले, जसे माणूस आपल्या घरी ठेवतो.

"दोन्ही हात वर करा. पगडी नीट करायची आहे असं समजा. आता हात पुढं करा, कुणाला तरी उराशी धरताय असं. खांद्याची शिवण बघा महाराज, खांद्याच्या हाडावर बसलीय, ती खाली ओघळलेली नाही आणि मानेकडं चढलेलीही नाही. सैल म्हणजे ढगळ नव्हे. बाही मनगटाशी थांबली पाहिजे, आणि हात हलला की तिनंही हललं पाहिजे."

राजानं हात हलवले. बाही हलली.

"आता वाका, माझी ही सुई पडलीय ती द्या."

राजानं सुई उचलून दिली. गेल्या कित्येक वर्षांत त्यानं जमिनीवरचं काही उचललं नव्हतं. तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला, फरशीवरची नक्षी पाहत. ती मोरांची होती, हे त्याला आजच कळलं.

"चौथी?"

"चौथी सोपी आहे. हा लाडू खा."

राजानं एक खाल्ला. मग न सांगता दुसरा खाल्ला. मग म्हणाला, "आत घेऊ नकोस."

"पण महाराज," दिवाणजी म्हणाले, "लोकांना दिसेल की आपण..."

"की मी काय? जेवतो?"

सगुणा दिवाणजींना म्हणाली, "तुम्हीही आपला घालून जरा बसून बघा. अजून रात्र आहे हातात, शिवण सोडता येईल."

"दिवाण बसत नसतो," दिवाणजी म्हणाले. "दिवाण उभा असतो."

घरी येताना कोंडाजी म्हणाला, "राजाचं निभलं. पण दिवाणाचा अंगरखाही आपलाच आहे. अर्धं गाठोडं सोडतो, अर्धं राहू दे."

मुहूर्ताला सारं राज्य शेताच्या बांधावर लोटलं. नांगरणीपेक्षा लोक टर्र ऐकायला आले होते, हे कुणी कबूल करत नव्हतं. राजानं रुमणं धरलं. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसरीला सगळे कान देऊन राहिले. काही नाही. चौथी झाली, पाचवी झाली. राजाच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू. "आणखी एक मारू का?" त्यानं विचारलं, आणि मारलीही.

आता रिवाज असा, की पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या की दिवाणानं ताज्या तासातलं, म्हणजे नांगरानं पाडलेल्या चरातलं पहिलं ढेकूळ उचलून राजाच्या हातावर ठेवायचं. गेली तीन वर्षं गाडं इथवर आलंच नव्हतं, त्यामुळे दिवाणजींना या ढेकळाची आठवणच राहिली नव्हती. ते पुढं झाले. ढेकळाकडं पाहिलं. आभाळाकडं पाहिलं. आणि वाकले.

आवाज असा झाला, की बैलांनी कान टवकारले.

दिवाणजी ताठ उभे राहिले, दोन्ही हात मागं धरून. "नियम तो नियम," ते म्हणाले. "शिवण सगुणाची. शिंपिणीनं सूर्यास्ताच्या आत वेस ओलांडावी."

"मी म्हटलं होतं, गाठोडं राहू दे," कोंडाजी पुटपुटला.

सगुणाला ओट्यावरचं ऊन दिसलं, एखाद्या माणसासारखं समोर उभं राहिलेलं. ती तासात उतरली.

"महाराज, दोन्ही अंगरखे एकाच हाताचे, एकाच सुईचे. तुमचा राहिला, यांचा गेला. का गेला ते दाखवू?"

राजानं मान हलवली. तिनं कनवटीची दोरी काढली, दिवाणजींच्या मापाची गाठ सगळ्यांना दाखवली. "हे यांनी दिलेलं माप. आता दिवाणजी, जरा श्वास सोडा."

दिवाणजींनी आधीच सोडला होता. फाटलेल्या अंगरख्यात कोंडून धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं दोरी कमरेभोवती घेतली. टोक गाठीपर्यंत पोचेना. मधे भली मोठी वीत मोकळी राहिली.

कुणी हसलं नाही. कुणाची हिंमत होईना. मग राजा हसला. बेताबेतानं नव्हे, मान मागं टाकून, पोट गदागदा हलवत हसला, आणि त्याच्या अंगरख्याचा एक टाकाही हलला नाही. ते पाहून सारं शेत हसलं, आणि गर्दीत कुठं कुठं काय काय उसवलं, ते ज्यानं त्यानं आपापल्या हातानं झाकलं.

हसू ओसरल्यावर राजा खाली पाहत म्हणाला, "तीन शिंपी घालवले मी. टाके त्यांचे पक्के होते. माप मी खोटं दिलं होतं." आणि तिथंच त्यानं नियम फिरवला. कपडा उसवला तर ज्यानं माप दिलं त्याचा दोष. त्यानं शिंप्याच्या ओट्यावर बसून तो आपल्या हातानं शिवायचा.

गेलेल्या तिघांना बोलावणं धाडलं. एक परत आला. दोघांनी कळवलं, इथं बरं चाललंय, इथले लोक श्वास घेतात.

दिवाणजी तीन दिवस सगुणाच्या ओट्यावर मांडी घालून बसले. पहिल्या दिवशी सुई ओवता आली नाही, दुसऱ्या दिवशी बोटाला टोचली, तिसऱ्या दिवशी शिवण झाली, तीही वाकडी. शिवताना अंगात घालायला कोंडाजीनं आपली जुनी बंडी दिली होती. ती त्यांनी परत दिली नाही. विचारलं की म्हणत, धुवायला टाकलीय.

त्यानंतर त्या राज्यात मापं पुकारायचं बंद झालं. पाटावर चढलेल्याला शिंपी आधी बसायला सांगत, वाकायला सांगत, श्वास सोडायला सांगत, आणि मगच गाठ मारत. माणसं पूर्वीइतकी ताठ दिसेनाशी झाली. पण रस्त्यावर किल्ल्या सापडायच्याही थांबल्या. सगुणा आपल्या ओट्यावर म्हातारी झाली, आणि त्या उन्हात शेवटपर्यंत स्वतःची सुई स्वतः ओवत राहिली.

तात्पर्य: कपडा आपल्या खऱ्या अंगाला शिवावा, हौसेच्या अंगाला शिवलेला कपडा नेमका चारचौघांत फाटतो आणि खरं माप गावाला सांगतो.