गच्चीवरची सभा

जळगावच्या त्या सोसायटीत दुपारची वीज गेली की लिफ्ट बंद पडायची आणि गुडघ्यांनी जेरीस आलेल्या नलूमावशी पाचव्या मजल्यावर अडकायच्या. शर्वाणीने सौर पॅनलचा विषय काढला, की तळमजल्यावर राहणारे अध्यक्ष डबीरकाका म्हणायचे, "आपल्या गच्चीवर तेवढं ऊन नाही गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

सेक्रेटरी झाल्यावर शर्वाणीने मे महिन्यातली सभा भरदुपारी गच्चीवरच बोलावली. जिना चढून धापा टाकत आलेले काका डोक्यावर रुमाल धरून म्हणाले, "खाली चला, इथे भाजून निघू."

"बसा की काका, आपल्या गच्चीवर ऊन कुठे आहे?"

सगळे हसले. पॅनल मंजूर झाले.

शर्वाणीला हसू आलं नाही. नलूमावशी आठवड्यापूर्वीच घर विकून लेकीकडे गेल्या होत्या. दोन उन्हाळे ती काकांशी नुसती भांडत बसली होती.