एका हाकेचा दरवाजा

फार वर्षांपूर्वीची, सावटगडाच्या दाराला अजून फळ्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. दक्षिणेकडच्या घाटातलं ते रान एवढं दाट, की भर दुपारीही वाट चाचपत चालावं लागे. गडाच्या दारावर भरमू नाईक राखणदार होता. दिवेलागणीला तो दाराला अडसर घाली आणि मग राजा आला तरी काढत नसे, असं म्हणतात.

त्या रानात चकवा होता. ओळखीच्या आवाजात तो माणसाला हाक मारी, पण एकदाच. दुसरी हाक त्याला येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं. म्हणून अंधार पडल्यावर दुसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही, अशी गडाची रीत होती. भरमूचा पाठचा भाऊ पहिल्याच हाकेला भुलून गेला होता, तो परत आला नाही.

एकदा भरमूची लेक यल्लू हिरडे गोळा करायला रानात उतरली. एकुलती एक, नवसाची पोर. दिवे लागले तरी ती आली नाही. भरमूने अडसर घातला, पण त्याचा हात काही त्यावरून निघेना. तेवढ्यात बाहेरून हाक आली, “बा!”

त्याची बायको गंगव्वा धावत आली. “आवाज यल्लूचा हाय. उघडा की वो!”

“दुसरी हाक येऊ दे,” भरमू म्हणाला.

दुसरी हाक आलीच नाही. उजाडेपर्यंत भरमू अडसर धरून उभा राहिला. गंगव्वा रडली, भांडली, पण त्याने तिला अडसराला हात लावू दिला नाही.

सकाळी दार उघडलं. उंबऱ्याशी यल्लू पडली होती. पायाला साप चावलेला, पोटरी काळीनिळी. एवढा चढ ती चढून आली आणि अंगात एकाच हाकेपुरता जीव उरला. विषावर औषध देणारा वैद्य दाराच्या आत, चार घरं सोडून झोपला होता. पोरीचं अंग अजून कोमट होतं. काय जाळायचं असलं शहाणपण!

भरमूने अडसर कड्यावरून फेकून दिला. किल्लेदाराने नवा बसवला, तर तोही सकाळी कड्याखालीच सापडला, असं म्हणतात. त्या दिवसापासून भरमू पहिल्या हाकेला “आलो!” म्हणून धावत सुटे. हाक माणसाची की चकव्याची, हे बघत नसे. धुक्यात चुकलेली, दरीत अडकलेली कितीतरी माणसं त्याने पाठीवर घालून आणली. वाघ त्याला वाट देई, चढलेली नदी त्याच्यापुरती उतरे, असं म्हणतात. पण तो पुन्हा कधी हसल्याचं कोणी पाहिलं नाही.

म्हातारपणी एका तिन्हीसांजेला रानातून हाक आली, “बा!” आवाज यल्लूचा. साऱ्या गडाने ऐकला. गंगव्वाने नवऱ्याचं घोंगडं घट्ट धरलं.

“दुसरी हाक येऊ दे वो!”

“एक पुरे,” भरमू म्हणाला, आणि “आलो गे बाय!” असं ओरडत उतरणीला लागला. घोंगडं तेवढं तिच्या हातात राहिलं. तो परत आला नाही.

आता गडाला दार नाही, नुसती कमान आहे. गड बघायला येणारे कमानीखाली थांबतात आणि एकदाच हाक मारतात, “भरमूबा!” वर पोचलेल्यांपैकी कोणीतरी लगेच “आलो!” म्हणतं. पायथ्याच्या वाडीत तर कोणालाच दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही. हात पिठात असोत, तोंडात घास असो, माणूस ओ देतोच. चकव्याची भीती नाही वाटत का, असं विचारलं तर तिथल्या म्हाताऱ्या म्हणतात, “वाटती की. पर दुसरी हाक मारायला माणूस ऱ्हाईल, असं कोणी सांगावं?”