एकशेवीस कार्डांचा डबा

“पण मग ती पोरगी बोलायची थांबली कधीपासून?” रवळू गुरुजींनी विचारलं.

वैजयंतानं उत्तर द्यायचं टाळलं. पिशवीतला डबा काढून तिनं त्यांच्यापुढं सरकवला.

“आधी हे बघा तरी, गुरुजी.”

डबा मूळचा फरसाणाचा. तिनं त्याला निळा रंग दिला होता आणि आत पुठ्ठ्याची एकशेवीस कार्डं रचली होती. प्रत्येक कार्डावर दहा मिनिटांचं एक काम. वर्गातलं काम आधी उरकून मोकळ्या बसणाऱ्या चौकस मुलांसाठी, ज्याचं त्यानं एकट्यानं करायचं.

गुरुजींनी एक कार्ड अगदी नाकाजवळ नेलं. ऐंशी वर्षांच्या डोळ्यांना तेवढ्यावरूनच अक्षर दिसायचं.

“सावली वितीनं मोज. जेवणाच्या सुट्टीनंतर परत मोज,” त्यांनी वाचलं. “हे तर माझंच गं.”

“तुमचंच आहे, गुरुजी. चाळीस तुमची आहेत, सगळी आठवून आठवून लिहिली. वरची ऐंशी मी घातली.”

हे सांगताना तिचा आवाज जरा चढला, आणि ते साहजिकच होतं. तीस वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या शाळेत गुरुजी एका पडवीत चार वर्ग सांभाळायचे. ज्याची गणितं आधी संपतील त्याच्या कानात ते एखादं काम सांगायचे आणि त्याला बाहेर पिटाळायचे. गणितं बहुतेक वेळा वैजूचीच आधी संपायची. तीच वैजू आता त्याच तालुक्यात बाई झाली होती. तिच्याकडे तिसरी आणि चौथी, दोन्ही एका खोलीत.

सोमवारी तिचा डबा बघायला पाहुणे येणार होते. नव्या वर्षापासून तो तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मिळायचा होता. त्याच्याबरोबरच्या पुस्तिकेत सुरुवातीला गुरुजींच्या चार ओळी असाव्यात, म्हणून ती त्यांच्या घरी आली होती. निदान एसटीत बसताना तिनं स्वतःला तसं सांगितलं होतं.

“पाठीमागं काय चिकटवलंयस?”

“उत्तर. मुलांनी आपलं आपणच तपासायचं. झाकणावर नियम लिहिलेत बघा.”

गुरुजींनी झाकण डोळ्यांजवळ नेलं. स्वतः घ्या. स्वतः करा. स्वतः तपासा. बाईंना विचारू नका. आणि खाली एक हसरा चेहरा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग झाकण मांडीवर ठेवलं.

“बाईंना विचारू नका...”

“दोन वर्ग आहेत, गुरुजी. तिसरीला भागाकार समजावत असताना चौथीतलं कोणी मध्येच उठलं की सगळा वर्ग उधळतो. आता टाचणी पडली तरी ऐकू येते. केंद्रप्रमुखसुद्धा म्हणाले, असा शांत वर्ग बघितला नाही.”

“आणि आधी उठायचं कोण?”

वैजयंतानं डब्यातली कार्डं उगाच सारखी केली.

“ईश्वरी,” ती शेवटी म्हणाली.

चौथीतली ईश्वरी म्हणजे प्रश्नांचं पोतं होतं. बाई, म्हशीची सावली म्हशीला गार लागते का? बाई, भोपळ्याच्या वेलाला कळतं कसं, कुंपण कुठल्या बाजूला आहे ते? एकाचं उत्तर द्यावं तर त्यातून आणखी दोन निघत. वैजयंताचा जीव मेटाकुटीला यायचा. हुशार पोरगी आहे, असं ती चारचौघांत कौतुकानं सांगायची आणि वर्गात मात्र तिचा वर झालेला हात दिसू नये म्हणून फळ्याकडं तोंड करून उभी राहायची.

मग जूनमध्ये तिनं डबा केला. चौकस मुलांसाठी केला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. तो एका ईश्वरीसाठी केला होता, तिला गप्प बसवायला केला होता, हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

“मग?” गुरुजी म्हणाले.

“सुरुवातीला कार्ड झालं की धावत यायची टेबलापाशी. मला सांगायला.”

“आणि तू काय म्हणायचीस?”

“...छान. पुढचं कार्ड घे.”

“वर बघून?”

“वह्या असायच्या तपासायच्या, गुरुजी.”

गुरुजींनी डब्यातलं आणखी एक कार्ड उचललं.

“नंतर यायची थांबली. मला वाटलं, शिस्त लागली. दिवाळीपर्यंत तिनं एकशेवीस कार्डं संपवली. मी सगळ्यांपुढं टाळ्या वाजवायला लावल्या. आणि आता नुसती बसून असते. काही विचारायचंय का म्हटलं तर मान हलवते. सोमवारी पाहुण्यांना डबा तिनंच दाखवायचाय. म्हटलं, चार वाक्यं बोल. ती माझ्याकडं बघत राहिली... गुरुवारी तिची आई शाळेत आली होती.”

“काय म्हणाली?”

“बाई, आमची पोर आजारी हाय का?”

गेले दोन दिवस तो प्रश्न वैजयंताच्या मानगुटीवर बसला होता. भाकरी थापताना, पाणी भरताना तो ऐकू यायचा, आणि आपण त्या बाईला ‘छे हो’ म्हणून हसून वाटेला लावलं, हेही आठवायचं.

“एखादं काम सांगा, गुरुजी,” ती म्हणाली. “असं काम, की ती परत विचारायला लागेल. तुम्हाला ठाऊक असणार.”

गुरुजींनी अंगणाकडं बघितलं. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, ऊनही नाही. गोठ्याच्या भिंतीवर टांगलेलं सूप तेवढं वाऱ्यानं हलत होतं.

मग त्यांनी तिला बोटानं जवळ बोलावलं. ती वाकली. गुरुजी तिच्या कानात म्हणाले, अगदी पूर्वी म्हणायचे तसं:

“त्या भिंतीकडं बघत बस. कालपासून तिथं कुंभारीण माशी घर बांधतीय. काय दिसलं ते मला येऊन सांग.”

“माझी पावणेपाचची गाडी आहे, गुरुजी.”

“जा.”

तिला राग आला. एकोणचाळीस वर्षांची बाई, जिल्ह्याचा पुरस्कार मिळालेली, आणि माशी बघत बसायचं? पण लहानपणी लागलेली सवय रागापेक्षा जुनी होती. ती अंगण ओलांडून गेली आणि गोठ्यापुढच्या दगडावर बसली.

पहिली दहा मिनिटं तिनं नुसतं घड्याळ बघितलं.

मग माशी आली. कंबर दोऱ्याएवढी, तोंडात ओल्या मातीची गोळी. सुपाच्या उजव्या अंगाला, वीतभर अंतरावर तिचं मातीचं घर होतं. तिथं बसून तिनं गोळी दाबायला सुरुवात केली आणि दाबताना बारीक गुणगुणायला लागली. गोळी लावून झाली की आवाज बंद. वैजयंता पुढं सरकली.

माशी गेली. परत आली. प्रत्येक खेपेला आधी सुपापाशी यायची, क्षणभर थांबायची आणि मग उजवीकडं वळायची.

इतक्यात गुरुजींची सून इंदू बाहेर आली आणि सूप काढून घेऊन गेली.

माशी गोळी घेऊन आली. नुसत्या खिळ्यापाशी घुटमळली. डावीकडं गेली, वर गेली, घराच्या अगदी वरून गेली आणि तिला घर दिसेना. भिंतीवर फेऱ्या मारत राहिली.

वैजयंता उठून उभी राहिली. तिनं आपली पर्स त्या खिळ्याला अडकवून बघितली. माशीनं पर्सला हुंगलंही नाही.

“वहिनी! ओ वहिनी! ते सूप जरा परत टांगता का?”

“अगंबाई, तांदूळ पाखडायचं हाईत मला.”

“एवढं पाच मिनिटं. तुमच्या पाया पडते.”

इंदू हसत हसत सूप घेऊन आली. सूप खिळ्यावर चढलं आणि माशी सरळ सुपाकडं आली, थांबली, उजवीकडं वळली आणि घरावर उतरली. पुन्हा तेच बारीक गुणगुणणं सुरू झालं.

वैजयंतानं इंदूचा दंड घट्ट धरला. हे तिनं कुठं वाचलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. ते तिला एकटीला दिसलं होतं आणि आत्ताच्या आत्ता कोणालातरी सांगितलं नसतं तर तिचा जीव गुदमरला असता. किती वर्षांत तिला असं काही झालं नव्हतं. पदर खोचून ती पडवीकडं पळाली.

“गुरुजी! गुरुजी, ती सूप बघून येते! सूप काढलं की तिला स्वतःचं घरच...”

“छान,” गुरुजी म्हणाले.

ते कार्डं चाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“अहो, ऐका तरी! मी पर्स लावून बघितली, तर...”

“हे घे.” त्यांनी एक कार्ड तिच्यापुढं धरलं.

तिनं ते घेतलं. त्र्याहत्तर नंबरचं कार्ड होतं. एखाद्या कीटकाचं घर शोधा, तो घराकडं कसा परततो ते दहा मिनिटं पाहा. अक्षर तिचंच. तिनं कार्ड उलटलं. तिथंही तिचंच वळणदार अक्षर, लाल शाईतलं: कुंभारीण माशी आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवते आणि त्यांवरून घर ओळखते.

कुठल्याशा पुस्तकातून जूनमध्ये उतरवून काढलेली ओळ होती ती. उतरवली आणि विसरून गेली.

“पुढचं कार्ड घे,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी डबा तिच्याकडं ढकलला.

ती पायरीवर बसली.

आधी तिला गुरुजींचा राग आला. मग लाज वाटली, आणि मग लाजेपेक्षा वाईट काहीतरी वाटायला लागलं. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून उभी राहिलेली ईश्वरी तिला दिसली. कार्ड दोन्ही हातांत धरलेलं. ‘बाई, ऐका ना,’ म्हणणारी. त्या पोरीला काय दिसलं होतं? पानात, सावलीत, मुंग्यांच्या बिळापाशी तिला एकशेवीस वेळा काय काय दिसलं असेल? त्यातलं एकही वैजयंताला ठाऊक नव्हतं.

आणि तिला आठवलं. घाटावरच्या पडवीत ती बाहेरून धावत आली की गुरुजी हातातला खडू खाली ठेवायचे. चारी वर्ग कलकलाट करत असले तरी ठेवायचे. उकिडवे बसायचे, म्हणजे त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर यायचं, आणि म्हणायचे, ‘हं.’ त्यांची चाळीस कामं तिनं डब्यात घातली होती. हे घालायचं राहून गेलं होतं.

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. ती उठली नाही. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा अंगण अंधारून आलं होतं आणि इंदूनं सूप काढून तांदूळ पाखडायला घेतले होते.

गुरुजींनी कार्डं नीट रचली, झाकण लावलं. काठी टेकत ते पायरीपर्यंत आले आणि गुडघे कुरकुरत असताना तिच्यासमोर उकिडवे बसले.

“हं,” ते म्हणाले. “सांग आता. काय दिसलं? मी ऐकतोय.”

वैजयंतानं तोंड उघडलं.

सगळं तिथंच होतं. सूप होतं, खिळा होता, मातीची ओली गोळी होती, भिंतीवरच्या त्या वेड्या फेऱ्या होत्या. ती आठवायला गेली तर एकूण एक आठवत होतं. पण ते ओठांपर्यंत येईना. आणावंसंही वाटेना. गुरुजी वाट बघत होते, मनापासून बघत होते, हे तिला दिसत होतं, आणि तरी वाटेना.

“राहू दे, गुरुजी,” ती म्हणाली. “तसं काही विशेष नव्हतं.”

“तुला तर ‘छान’ ऐकून अर्धाच तास झाला, वैजू,” ते म्हणाले. “आणि तू मोठी आहेस.”