लाह्यांचे पाणी

सीना नदीच्या काठी निंबसावळी नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या उत्तर टोकाला महादेवाचे देऊळ, देवळाला लागून एक दगडी ओसरी, आणि त्या ओसरीवर श्रीदयाघन महाराजांनी आपल्या देहाची शेवटची अकरा वर्षे काढली. भक्तजनहो, महाराजांच्या कृपेच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण ही एक गोष्ट सांगताना निंबसावळीची जुनी माणसे अजून मान खाली घालतात, म्हणून आज तीच सांगतो.

त्या गावात ठकूबाई नावाची साळ्याची विधवा बाई राहत असे. पोटी मूल नाही, मागावर बसावे, लुगडी विणावीत आणि तोंडाने महाराजांचे नाव घ्यावे, एवढाच तिचा संसार. आईकडून आणि सासूकडून चार घरगुती उपाय मात्र तिच्या हाती आले होते. तान्ह्याचे पोट फुगले तर हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायला ती सांगे. नाक चोंदले असेल तर ओवा तव्यावर गरम करून त्याची पुरचुंडी हुंगायला देई. कुणाला सुंठ उगाळून दे, कुणाला मीठ-हळदीच्या गुळण्या सांग, असे तिचे चाले. सोमवारी भजनाला येताना एका फडक्यात ती हे सगळे बांधून आणी, आणि आरतीपूर्वी बायका देवळाच्या पायऱ्यांवर तिच्याभोवती जमत. ती कुणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. प्रत्येकीला मात्र बजावून सांगे, की दोन दिवसांत उतार पडला नाही तर माझ्यावर विसंबू नका, शास्त्रीबुवांकडे न्या.

हे शास्त्रीबुवा म्हणजे वामनशास्त्री, गावचे वैद्य. काशीला जाऊन शिकून आलेले. त्यांची विद्या खरी होती आणि त्यांच्या औषधाने माणसे बरी होत, यात शंका नाही. पण विद्येबरोबर अहंकारही घरात आला होता. आपल्या दाराशी येण्याआधी लोक एका साळणीच्या फडक्याकडे जातात, हे त्यांना खुपत असे.

चैत्रातल्या एका सोमवारी हे खुपणे बाहेर पडले. भजन संपले होते, महाराज ओसरीवर बसले होते, सारा गाव समोर होता. शास्त्रीबुवा उठले आणि त्यांनी ठकूबाईला पुढे बोलावले. वात, पित्त आणि कफ यांची लक्षणे सांग म्हणाले. तिने नकारार्थी मान हलवली. नाडी किती प्रकारची असते, ते विचारले. तिला तेही सांगता येईना. मग हसत हसत त्यांनी विचारले, "बरं, अंगात मुख्य धातू किती, एवढं तरी सांग."

वैद्यकात रस-रक्तादी सात धातू सांगतात; ठकूबाईला तांबे, पितळ एवढेच धातू ठाऊक होते. तिने चाचरत तसे सांगितले. सगळी सभा हसली. ज्यांच्या लेकरांची पोटे तिने शेकली होती, त्या बायकाही पदराआड हसल्या.

शास्त्रीबुवांनी तिच्या हातातले फडके घेतले, गाठ सोडली आणि ते अंगणात झटकले. ओवा, सुंठ, हिंगाचे खडे धुळीत पडले. "चुलीपुढचा कचरा चुलीतच घालावा. देवाच्या दारात आणू नये," ते म्हणाले.

महाराज काही बोलले नाहीत. ठकूबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग ती खाली बसली आणि आपल्यामुळे देवाचे अंगण घाण झाले म्हणून दोन्ही हातांनी ते सगळे गोळा करू लागली. लोक बाजूने निघून गेले. ओव्याचे दाणे फरशीच्या सांधीत अडकले होते, ते ती नखाने काढीत राहिली.

त्या दिवसापासून ती देवळात आली नाही. कुणी दार वाजवले तर आतूनच सांगे, की मला काही येत नाही. हसलेल्या बायका तोंड चुकवून परत जात. अपमान शास्त्रीबुवांनी केला होता, पण तिला खरे लागले होते ते महाराजांचे गप्प राहणे. मागावर बसली की तिच्या मनात तेच येई. आपण खरोखरच कचरा असू, नाहीतर महाराज बोलले नसते का!

वैशाख लागला. उन्हाने नदी आटली, विहिरींचे पाणी गढूळ झाले. शास्त्रीबुवांची तीन वर्षांची नात अंबू हिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. मुलगा परगावी नोकरीला होता. घरात शास्त्रीबुवा, सून सगुणा आणि ती पोर एवढीच माणसे. शास्त्रीबुवांनी आपल्याकडची उत्तम मात्रा उगाळली आणि सक्त पथ्य सांगितले. पोटात काहीही जाता कामा नये, पाण्याचा थेंबसुद्धा नको.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पोर पाणी पाणी करू लागली. सगुणाने विनवले, तेव्हा शास्त्रीबुवा म्हणाले की पाणी पोटात गेले की तसेच बाहेर पडते, हे तुला दिसत नाही का? तिसऱ्या दिवशी अंबूचे डोळे खोल गेले, ओठांवर पापुद्रे आले. ती रडत होती, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हते. शास्त्रीबुवा बाहेरच्या खोलीत पोथीची पाने उलटत होते.

दुपारी सगुणा मागच्या दाराने निघाली आणि उन्हातून पळत साळीवाड्यात ठकूबाईच्या दाराशी आली. तिने कडी वाजवली, सारे सांगितले, दारावर डोके टेकून रडली. आतून आवाज आला, "वैनी, मला काही येत नाही हो. त्यांचं शास्त्र मोठं आहे. त्यांनाच विचारा." दार उघडले नाही. सगुणा तशीच परतली.

घरी येऊन ती पोरीला मांडीवर घेऊन बसते तोच मागचे दार लोटून ठकूबाई आत आली. डोक्यावरून पदर, हातात झाकलेला तांब्या. तिला पाहून सगुणाला शिवाशिवीचेही भान उरले नाही. बाईचे मन द्रवले, एवढेच तिला कळले. ठकूबाई काही न बोलता खाली बसली आणि तिने अंबूचे डोके आपल्या मांडीवर घेतले. तांब्यात साळीच्या, म्हणजे भाताच्या, लाह्या भिजवून गाळलेले पाणी होते, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातलेले. तिने पळीच्या टोकावर थेंबभर घेतले आणि पोरीच्या ओठांना लावले. थोडे थांबून पुन्हा लावले.

पोरीला उलटी झाली. ठकूबाईने तोंड पुसले, थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा पळी उचलली. घाई नाही, कंटाळा नाही. सगुणाने विचारले, "ठकूबाई, राहील का हो पोटात?"

"दहातल्या दोन पळ्या राहिल्या तरी पुष्कळ," ती म्हणाली. "आपण देत राहायचं."

आवाज ऐकून शास्त्रीबुवा आत आले. समोरचे दृश्य पाहून त्यांचा संताप झाला. आपल्या घरात, आपल्या पथ्याविरुद्ध, आणि तेही या बाईने! ते ओरडणार होते. ठकूबाईने वर पाहिले नाही. पळी अंबूच्या ओठांपाशी तशीच धरून ती हळूच म्हणाली, "शास्त्रीबुवा, तहानलेल्या लेकराला पाणी पाजायला कुठला श्लोक लागतो?"

शास्त्रीबुवांनी पोरीकडे पाहिले. तीन दिवस त्यांनी तिची नाडी पाहिली होती, जीभ पाहिली होती. तिचे तोंड त्यांनी आत्ता पाहिले. ती पळीकडे मान वळवत होती. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि मग तिथेच खाली बसले.

ऊन कलले तसे अंबूचे ओकणे थांबले. थोड्या वेळाने तिला लघवी झाली, तेव्हा सगुणा हुंदका देऊन रडली. दिवेलागणीला पोर भूक भूक करून रडू लागली आणि तिच्या गालावरून खरेखुरे पाणी ओघळले. उद्या भाताची पातळ पेज द्या, असे सांगून ठकूबाई मागच्या दाराने निघून गेली. कुणी तिला थांबा म्हणण्याआधीच गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शास्त्रीबुवा साळीवाड्याकडे निघाले. गावातला रस्ता सोडून ते परसांमागच्या वाटेने गेले. कुणी पाहील याची लाज वाटत होती, आणि आभार मानायलाही आपण लपून जातो आहोत, याची त्याहून जास्त वाटत होती. ठकूबाईच्या दाराशी उभे राहून त्यांनी हाक मारली. बाईने दार उघडले. शास्त्रीबुवांनी हात जोडले आणि म्हणाले, "ठकूबाई, काल तुम्ही माझी नात वाचवलीत."

ठकूबाईचा चेहरा पांढरा पडला. "मी? मी तर आलेच नाही, शास्त्रीबुवा."

त्यांना वाटले, बाई रागाने बोलते आहे. त्यांनी सारे वर्णन केले. तो तांब्या, ती पळी, ते लाह्यांचे पाणी. ठकूबाई ऐकता ऐकता उंबऱ्यात बसली. काल दुपारपासून तिचा पाय घराबाहेर पडला नव्हता. शेजारची म्हातारी संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ सूत उकलत बसली होती, तिनेही तेच सांगितले. घरात तर साळीच्या लाह्यांचा दाणाही नव्हता.

"वैनी दारात रडत होत्या," ठकूबाई म्हणाली. "कडी माझ्या हाताशी होती. लेकरू तहानेनं मरतंय हे ऐकूनसुद्धा मी माझा अपमान उराशी धरून बसले. तुम्ही मला हात कसले जोडता!"

कुणी कुणाकडे पाहिले नाही. मग एकमेकांना न सांगताच दोघांची पावले देवळाकडे वळली, आणि या वेळी ती गावातल्या रस्त्याने गेली. पाहणारे मागोमाग निघाले.

महाराज ओसरीवर बसले होते. त्यांचा उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. देवळाचा म्हातारा सेवेकरी रावजी चिंतेत होता. त्याने सांगितले, की काल दुपारी महाराज एकाएकी उठून पाकशाळेत गेले, स्वतः चूल पेटवली, कढईत वाळू तापवून साळीच्या लाह्या फोडल्या. कुणाला जवळ येऊ दिले नाही. तापलेल्या वाळूने हात भाजला, तरी थांबले नाहीत. मग खोलीचे दार लावून घेतले ते दिवेलागणीला उघडले. जन्मात कधी चुलीपाशी न गेलेल्या महाराजांनी असे का केले, हे त्याला कळत नव्हते.

ठकूबाईला कळले. ती महाराजांसमोर कोसळली. महाराज तिच्याकडे पाहत राहिले, आणि भक्तजनहो, त्या पाहण्यात राग नव्हता.

"ठकू, तू आली नाहीस," महाराज म्हणाले, "म्हणून मला यावं लागलं."

एवढेच बोलले. पण ते ऐकून साऱ्या सभेच्या माना खाली गेल्या. त्या सोमवारी पदराआड हसलेल्या बायका तिथे होत्या. फडके झटकले जात असताना गप्प बसलेले पुरुष होते. ठकूबाई घरात कोंडून बसली ती कुणामुळे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

शास्त्रीबुवा पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर पडू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "तुमची विद्या खोटी नाही, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "ती बाई लोकांना तुमच्याकडेच पाठवत होती. तुम्ही मात्र तिला माझ्या दारातून हाकललंत. मी त्या दिवशी बोललो असतो तर तुम्ही माझ्या धाकानं गप्प बसला असता. आता काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

शास्त्रीबुवा वळले. उभ्या गावासमोर त्यांनी आपल्या तोंडाने सांगितले, की नातीचे पाणी मी तोडले होते, ती माझ्या हाताने मरत होती. मग त्या साठ वर्षांच्या विद्वानाने डोईवरची पगडी काढून बाजूला ठेवली आणि ठकूबाईसमोर जमिनीवर मस्तक टेकले. ती घाबरून मागे सरकली. आपण गेलोच नव्हतो, मग हा मान आपला कसा, या विचाराने तिलाही मान वर करवेना.

महाराजांनी दोघांना जवळ बसवून घेतले.

"लाज वाटली ना?" ते म्हणाले. "मग झालं. आता ती घरी नेऊ नका. इथंच ठेवा."

तेव्हा शास्त्रीबुवांनी पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि या वेळी महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.