साडेतीन हातांचं लाकूड

एका राज्यात, जिथे काहीही मोजताना पहिल्याला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, तिथे कीर्तिध्वज नावाचा राजा होता. 'एक' म्हणायचं ते फक्त चितेवर लाकडं रचताना. एरवी मोजताना कोणाच्या तोंडून चुकून निघालंच, तर बाया लेकरांचे कान झाकत.

वणव्याने नगरीचे दरवाजे राख केले, म्हणून राजाला न जळणारं लाकूड हवं होतं. तसलं लाकूड फक्त शुष्कनाथ मांत्रिकाच्या रानात. राजा गेला. गेला तेव्हा साडेतीन हातांचा धिप्पाड गडी, आला तो अर्ध्या हाताचा! उंबरठा चढता येईना, म्हणून बाहेरूनच हाका मारत होता बिचारा, आणि त्या आत ऐकूही जाईनात. अमरजा राणीने त्याला उचलून ओच्यात घेतलं आणि तडक रानाची वाट धरली.

रानात वारा नव्हता, तरी झाडं कण्हत होती. शुष्कनाथ म्हणाला, "राणी, तीन कामं देतो. लागेल तेवढी लांबी मोठ्याने मोज. माझा सुतारपक्षी ऐकेल तेवढेच हात लाकूड मिळेल. कुठलंही काम पुरं भरलं, तर घेतलेलं सगळं परत. तोकडं पडलं, तर तेवढी तूट तुझ्या उंचीतून. तिन्ही तोकडी पडली, तर दोघंही माझ्या रानात उभी."

"ही झाडं कोणाची?"

"कोणाची नाहीत. तोकडी पडलेली माणसं आहेत."

राणीचं पाऊल मागे सरलं. पण मागे फिरायचं तर ओच्यातल्या जिवाचं काय?

पहिलं काम तळ्याच्या कठड्याचं. राणीने हातभर दोरी घेतली आणि चारी बाजू फिरली. "लाभ, दोन, तीन, चार..." शुष्कनाथाच्या खांद्यावरचा सुतारपक्षी चोच आपटत होता, टक, टक, टक. कठडा बसवला आणि शेवटी हातभर फट उरली. त्याबरोबर राणीचं लुगडं पायात लोळायला लागलं. दुखलं मुळीच नाही, बरं का. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दुसरं काम शुष्कनाथाच्या महालातल्या भिंतींच्या पायाशी लाकडी पट्टी मारायचं. राणीने दारांची जागा वगळली. कोपऱ्यातले जोड किती खातात, करवत दर कापाला किती खाते, सगळं धरलं. मनात दोनदा मोजलं, मग मोठ्याने. तरीही हातभर कमी! राणी सव्वा हाताची झाली. आता राजा ओच्यात मावेना. तिने त्याला तान्ह्यासारखा कवेत धरला.

"माझंही असंच झालं गं," राजा रडवेला होऊन म्हणाला. "दर वेळी हातभर. तिसऱ्यांदा तोकडं पडलं, तसा गवतातून निसटून पळालो."

राणी चमकली. हिशेब चुकला तर कधी बोटभर चुकेल, कधी वीतभर. दर वेळी नेमका हातच कसा?

तिसरं काम दाराच्या चौकटीचं. तिने दोरी लावली. "लाभ," म्हणाली, आणि कान देऊन थांबली.

पक्षी गप्प.

"अरे, मोज की!"

"लाभ हा आकडा नाही," पक्षी म्हणाला. "मी आकडे ऐकतो."

म्हणजे पहिला हात दर वेळी मोजलाच गेला नव्हता! राजाने तिचा पदर घट्ट धरला. "नको! तो शब्द काढलास तर कोणीतरी जाणार."

"नाही काढला तर आपण दोघंही जाणार, महाराज."

तिने डोळे मिटले, दोरी पुन्हा टोकाला लावली आणि म्हणाली, "एक."

टक.

चौकट अशी चपखल बसली की केसभरही फट राहिली नाही. शुष्कनाथाने ना किंकाळी फोडली ना शिव्याशाप दिले. उभ्या उभ्या त्याचा भुसा झाला. त्या शब्दाने कोणाला तरी नेलं खरं, पण नेमकं त्यालाच.

मग रानभर साली तडकू लागल्या. माणसं बाहेर पडली, पायांची माती झटकली आणि आपापल्या गावाला निघाली. राणी पुन्हा पुरी झाली. राजा तिच्या कवेत वाढत गेला, जड झाला, निसटला आणि दोन पायांवर तिच्यासमोर उभा राहिला. त्याचं तोंड बघायला तिला मान वर करावी लागली. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तेव्हा कुठे फुटलं.

नगरीला साध्या सागाचे दरवाजे बसले. जळायचं तेव्हा जळोत मेले! जसं राणीचं माणूस तिला पुरं मिळालं, तसं ज्याचं त्याचं माणूस ज्याला त्याला पुरं मिळो.