पाठ टेकवणारा पैलवान

कोण्या एका गावात एक पैलवान होता, आणि तो सगळ्या गावाचा होता, हीच त्याची पंचाईत होती. नाव केरबा. वय फार तर एकवीस.

गाव त्याचा खुराक पुरवायचं. या घरून शेरभर दूध, त्या घरून तूप, सोनाराकडून बदाम. बदल्यात केरबाने एकच करायचं: दरवर्षी जत्रेत शेजारच्या गावच्या मल्लाला चीत करायचं. दोन्ही गावांच्या मध्ये मोठं गायरान होतं. ज्याचा पैलवान जिंकेल त्या गावाची गुरं तिथे वर्षभर चरणार. हरलेल्यांनी आपल्या गुरांचं पोट कसं भरायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. असा जुना रिवाज. म्हणजे गावातली तीनशे गुरं या एका पोराच्या मानेवर बसलेली.

केरबा चार वर्षं लढला, चारही वेळा जिंकला. मिळालेल्या इनामातून बापाने घरावर माडी चढवली, थोरल्या मुलीचं लग्न लावलं. धाकटीचं ठरत होतं. बाप चारचौघांत म्हणायचा, "पोरगं नाही, कामधेनू आहे माझी." लोक हसायचे. केरबाही हसायचा, न हसून सांगतो कुणाला?

आता त्या गावची एक खोड सांगतो. पैलवानाची पाठ जमिनीला लागली की ताकद मातीत जिरते, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत. आखाड्यात तर नाहीच, पण घरीही नाही. उताणं निजायचं नाही. कुशीवर झोपला तर झोपेत उताणा होईल, म्हणून तेही नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप. तालमीच्या वस्तादांनी उमेदीत पंधरा वर्षं हेच केलं होतं, आणि त्यांची मान कायमची एका बाजूला वाकली होती. ती वाकडी मान लोक पाहुण्यांना अभिमानाने दाखवायचे. आता बोला.

चार वर्षं बसून झोपल्यावर माणसाचं जे व्हायचं ते केरबाचं झालं. बदाम वाटता वाटता डोळ्यांतून पाणी यायचं. मागून कुणी "पैलवान" म्हणून हाक मारली की छातीत धडधडायचं. वाटेत गुरं दिसली की तो मान खाली घालायचा. ही उपाशी मेली तर माझ्यामुळे, असं त्याला वाटायचं. जत्रा महिन्यावर आली तसं अन्न कडू लागायला लागलं. एखाद्या दिवशी आपण वेडे होणार, याची त्याला खरोखर भीती वाटू लागली.

त्याने वस्तादांना सांगितलं, "वस्ताद, आतून पार रिकामा झालोय. उगाच रडू येतं."

"शंभर जोर जास्त मार," वस्ताद म्हणाले. "घाम आला की रडू पळतं."

केरबाने शंभर जोर जास्त मारले. घाम आला आणि रडूही आलं.

आईला सांगितलं. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. "मेल्यांची नजर लागली माझ्या लेकराला," म्हणाली, आणि मग हळूच, "एवढं धाकटीचं उरकू दे रे बाबा."

शेवटी तो पाटलांच्या ओसरीवर गेला. "पाटील, यंदा मला सोडा. दुसरं कुणी लढवा."

पाटील सुपारी कातरत होते. "चार वर्षं दूध कुणाचं प्यालास?"

"गावाचं."

"मग अंग कुणाचं?"

केरबाने पायरीकडे पाऊल वळवलं.

"भागूबाईसारखं करू नकोस. जा, तालीम कर."

पायऱ्या उतरताना केरबाला पहिल्यांदा राग आला. चांगला, पोटातून आलेला राग. दूध प्यालो हे खरं. पण दूध पाजलं म्हणून गायसुद्धा वासराचं अंग मागत नाही.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तशी हलगी कडाडली. तांबड्या मातीच्या हौदाभोवती दोन्ही गावं लोटली. केरबाच्या समोर त्याच्याच वयाचा मल्ल उतरला. त्याचं नाव कुणी विचारत नसे. सगळे त्याला 'समोरचा' म्हणत. दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली, हात मिळवले. समोरच्याचा हात गार पडला होता आणि डोळे लाल होते. केरबाने ते डोळे लगेच ओळखले. रोज सकाळी तोंड धुताना पाण्यात तो असेच डोळे बघायचा.

पंचांनी इशारा केला. केरबा हौदाच्या मधोमध गेला, खाली बसला, आणि सावकाश, आपल्या मर्जीने, उताणा निजला.

हलगी थांबली. पाटील धोतर सावरत काठाशी आले. "ऊठ म्हणतो ना. गावाचं नाक कापलंस."

"नाक तुमचं, पाठ माझी," केरबा पडल्या पडल्या म्हणाला. "चार वर्षांनी टेकलीय. उठवून दाखवा."

मागून बाप ओरडला, "अरे, धाकटीचं लग्न आहे!"

"बाबा, शुद्धीवर राहिलो तर लग्नाला येईन. वेडा झालो तर काय मला मांडवात बांधून ठेवणार?"

आता समोरच्याचं काम सोपं होतं. नुसतं छातीवर बसायचं, की गायरान त्याच्या गावाचं. त्याचे लोक तेच ओरडत होते. तो खाली वाकला आणि कुजबुजला, "खरंच जाते का रे ताकद?"

"येतेय," केरबा म्हणाला.

समोरच्याने एकदा आपल्या गावाकडे पाहिलं. मग तोही केरबाच्या शेजारी पाठ टेकून आडवा झाला, आणि त्याने असा सुस्कारा सोडला की काठावरच्या बायकांनाही ऐकू गेला.

पंचांनी डोकं खाजवलं. पाठ दोघांचीही टेकलेली, मग जिंकलं कोण? भांडणं झाली, शिव्यागाळ झाली, आणि शेवटी कुस्ती बरोबरीची ठरली. गायरान निम्मं निम्मं वाटलं गेलं. तोवर दोन्ही पैलवान घोरत होते.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी एकाही घरून दूध आलं नाही. तूप बंद, बदाम बंद. पोरं केरबाला बघून रस्त्यात उताणी पडून दाखवायची. बापाने महिनाभर अबोला धरला. धाकटीचं लग्न वर्षभर लांबलं. ती म्हणाली, बरं झालं, तो मुलगा मला तसाही पसंत नव्हता. केरबा वखारीत लाकडं फोडायला जाऊ लागला. पिठलं-भाकरी खायचा आणि रात्री गोधडीवर हातपाय पसरून झोपायचा. सुरुवातीला झोपेत दचकायचा. हळूहळू दचकणं कमी झालं, सगळं गेलं असं नाही. आणि गुरं म्हणाल, तर निम्म्या-निम्म्या गायरानावर दोन्ही गावांची गुरं धडधाकट जगली. इतकी साधी वाटणी आजवर कुणाला सुचली नव्हती, कारण पैलवान होते ना झिजायला.

एके दिवशी वस्ताद वखारीत आले. ओंडक्यावर बसले. मग वाकड्या मानेनेच म्हणाले, "मलाही यायचं रे रडू. कुणाला सांगायची सोय नव्हती." केरबाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

वर्ष सरलं, जत्रा तोंडावर आली. गावात दुसरा पैलवान तयार नव्हता. तेव्हा पाटील स्वतः दुधाची चरवी घेऊन केरबाच्या दारात आले.

"लढेन," केरबा म्हणाला. "कुस्ती मला आवडते. पण दूध मी माझ्या मजुरीतून घेईन. गायरान निम्मंच राहील. आणि ज्या वर्षी नाही म्हणेन, त्या वर्षी नाही."

"आणि हरलास तर?"

"तर हरेन. उठेन, आंघोळ करेन, जेवेन."

पाटलांना चरवी तशीच परत न्यावी लागली. दूध सांडू नये म्हणून ते फार हळू चालत होते, आणि सगळं गाव दारात उभं राहून बघत होतं.

तात्पर्य: खुराक घातला म्हणून माणूस आपल्या मालकीचा होत नाही, आणि "दमलो" म्हणणाऱ्याला जो भित्रा म्हणतो, त्याने आधी स्वतः एकदा हौदात उतरून दाखवावं.